जुन्या कॅबिनेटला नवा रंग: रंग लावण्याआधीचं आणि न लावण्याचं शास्त्र

संगणकाचं जुनं कॅबिनेट रंगवायचं ठरलं की बहुतेक जण आधी रंग निवडायला बसतात. काळा की पांढरा, चकचकीत की मॅट? खरं तर हा प्रश्न सगळ्यांत शेवटचा. रंग वर्षानुवर्षं टिकणार की काही महिन्यांत त्याचे पापुद्रे निघणार, हे खालचा पत्रा कसला आहे, प्लास्टिक कोणतं आहे आणि त्यांची तयारी किती नीट झाली आहे यावर अवलंबून असतं. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. कॅबिनेटचा सांगाडा हा संगणकाच्या अर्थिंगचा भाग असतो, त्यामुळे त्याच्या काही जागा मुद्दाम कोऱ्या ठेवाव्या लागतात. रंग कुठे लावायचा नाही, ते आधी ठरवा, असं मी आग्रहाने सांगेन.

मुळात रंगवायचं का?

कॅबिनेट एखाद्या दुर्मीळ जुन्या यंत्राचं असेल, तर थांबा. मूळ रंग, मूळ पोत आणि मूळ बिल्ले शाबूत असलेलं यंत्र संग्राहकांना जितकं मोलाचं वाटतं, तितकं रंगवलेलं वाटत नाही. आणि खरबरीत प्लास्टिकवर एकदा रंग बसला की तो पोत न बिघडवता काढणं जवळपास अशक्य होतं. १९७७च्या ॲपल टूपासून पुढची दोन दशकं संगणकांवर फिकट बदामी छटांचं राज्य होतं. १९९८मध्ये आयमॅक रंगीत, अर्धपारदर्शक कवचात आला आणि त्यानंतर ती छटा हळूहळू बाजारातून गेली. त्या काळातली जी यंत्रं चांगल्या अवस्थेत उरली आहेत, ती तशीच राहावीत असं मला मनापासून वाटतं.

नुसता पिवळेपणा हीच तक्रार असेल, तर रंगाची गरजही नसते. दर्शनी भागाचं प्लास्टिक बहुधा एबीएस असतं. त्यातल्या ब्युटाडाइन या रबरासारख्या घटकावर अतिनील प्रकाश आणि हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होऊन पिवळी संयुगं तयार होतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचं मलम लावून तो भाग उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवला की पिवळेपणा बराच उतरतो. मलम सगळीकडे सारखं लागलं नाही तर पांढरे पट्टे उमटतात, आणि काही वर्षांनी पिवळी छटा परतही येते. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण पेरॉक्साइडने त्वचा भाजते. रंग द्यायचाच असेल तर हा खटाटोप करू नका, पिवळं प्लास्टिक रंगाखाली झाकलंच जाणार आहे.

उरलं ते सर्वसाधारण कॅबिनेट: ओरखडे पडलेलं, कोपऱ्यांना गंज धरलेलं, आतलं मूळ सामान केव्हाच गेलेलं. रंगवण्यासाठी हेच योग्य.

हाताखाली काय आहे ते ओळखा

बहुतेक कॅबिनेटचा सांगाडा पोलादी पत्र्याचा असतो आणि त्यावर गंज रोखण्यासाठी जस्ताचा पातळ थर चढवलेला असतो. कॅबिनेटच्या आत दिसणारा करडा, मंद चमकणारा पत्रा म्हणजे हा जस्ताचा थर. बाहेरच्या बाजूला त्यावर कारखान्यात भट्टीत पक्का केलेला रंग असतो. ॲल्युमिनियमची कॅबिनेटंही असतात, ती चुंबकाला चिकटत नाहीत.

जस्त ओळखणं फार महत्त्वाचं, कारण साधा ऑइलपेंट, म्हणजे अल्कीड इनॅमल, जस्तावर टिकत नाही. दमट हवेत जस्ताच्या पृष्ठभागावर अल्कधर्मी क्षार तयार होतात. ते अल्कीडमधल्या तेलांशी अभिक्रिया करतात आणि रंग व पत्रा यांच्या मधोमध चक्क साबणाचा थर तयार होतो. सुरुवातीला सगळं छान दिसतं. काही महिन्यांनी नखाने उचकटलं तरी रंगाचा अख्खा पापुद्रा हातात येतो. यात रंगवणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो, रसायनांची जोडीच चुकलेली असते. उपाय म्हणजे मध्ये जस्ताला चालणारा प्रायमर: आम्लयुक्त एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर.

जुना कारखानी रंग घट्ट बसलेला असेल तर तो पूर्ण काढायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भट्टीत पक्का झालेला तो थर घरी लावता येणाऱ्या कुठल्याही प्रायमरपेक्षा घट्ट धरून असतो. आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा मिनिटभर घासून पाहा. रंग विरघळून बोळ्यावर आला, तर तो लॅकर प्रकारचा आहे आणि त्यावर तेज थिनरचा नवा रंग मारला तर तो उचलला जाईल. बोळा कोरा राहिला, तर नुसतं घासून पुढे जायला हरकत नाही.

उघडताना

संगणकाची वायर काढा, आतलं सगळं सामान बाहेर काढा, पॉवर सप्लाय अख्खा काढून बाजूला ठेवा. त्याचं झाकण उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास दाब काही काळ टिकून राहू शकतो.

१९९५मध्ये एटीएक्स ही मदरबोर्ड आणि कॅबिनेटची नवी मांडणी आली. त्याआधीच्या एटी कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट मुख्य वीज आलेली असते. पॉवर सप्लायमधून निघणारी ती जाड केबल बटणावरून काढण्याआधी चारही तारांचे रंग आणि जागा यांचा स्पष्ट फोटो काढा. उलटसुलट जोडणी झाली तर बटण दाबताच शॉर्ट सर्किट होतं. पुढच्या दिव्यांच्या आणि रीसेटच्या तारांचेही फोटो घ्या.

स्क्रू वेगवेगळे ठेवा. कॅबिनेटमध्ये साधारणपणे दोन जातींचे आटे असतात, जाड आणि बारीक, आणि जाड आट्याचा स्क्रू बारीक भोकात पिळला तर भोक कायमचं खराब होतं. बिल्ले चिकटपट्टीने लावलेले असतात. हेअर ड्रायरने कोमट करून मागून मजबूत दोरा ओढत नेला की ते न वाकता सुटतात. सांगाडा पूर्ण सुटा करायचा असेल तर रिव्हेट ड्रिलने उडवावे लागतात. मी ते शक्यतो टाळायला सांगेन. फक्त बाहेरून रंगवायचं असेल तर त्याची गरज नसते.

घासण्याआधी धुवा

हा क्रम उलटा करू नये. जुन्या कॅबिनेटवर हाताचं तेल, धुराचा थर आणि पुसायच्या चकाकी स्प्रेमधलं सिलिकॉन असतं. आधी घासलं तर पॉलिश पेपर ही चिकटाई पत्र्यावरच्या बारीक ओरखड्यांत दाबून भरतो. पुढे रंग मारल्यावर त्या जागी रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे दिसतात. सिलिकॉनचा अगदी पुसटसा अंशही एवढं करायला पुरतो.

भांड्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्लास्टिकवर ॲसिटोन किंवा लॅकर थिनर लावू नका, एबीएस त्यात विरघळतं. स्वच्छता तपासायची एक सोपी चाचणी आहे. पत्र्यावर पाणी ओता. पाण्याचा अखंड पडदा पसरून राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. पाणी फाटून थेंबांत गोळा झालं तर तिथे अजून तेल आहे.

नंबरांचं गणित

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा, तितका कण बारीक. ८० नंबरच्या कागदावरचे कण सरासरी २०० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतात, ४०० नंबरचे ३५ मायक्रॉनच्या आणि २००० नंबरचे जेमतेम १० मायक्रॉनच्या. स्प्रे कॅनचा एक हात वाळल्यावर साधारण १० ते २० मायक्रॉन जाड उरतो. म्हणजे ८० नंबरने पाडलेले ओरखडे रंगाचे दोन-तीन हात देऊनही झाकले जाणार नाहीत, हे वेगळं सांगायला नको. त्यात रंग वाळताना आकसतो, त्यामुळे त्या दिवशी न दिसलेले ओरखडे आठवड्याने वर येतात.

गंजावर १२० किंवा १८० नंबर, घट्ट जुन्या रंगावर ३२० ते ४००, प्रायमर घासताना ४०० ते ६००. एका नंबरवरून थेट तिप्पट-चौपट नंबरवर उडी मारू नका. बारीक कागदाला जाड कागदाचे ओरखडे पुसता येत नाहीत, तो फक्त त्यांच्या कडा गुळगुळीत करतो. चमक पूर्ण जाऊन सगळीकडे सारखा मंदपणा आला की पुरे. कडांवर हात हलका ठेवा. तिथे दाब एकवटतो आणि दोन-चार फेऱ्यांतच जस्त निघून उघडं पोलाद दिसू लागतं.

घासताना पाणी वापरा. जुन्या औद्योगिक रंगांच्या काही छटांमध्ये शिसं आणि क्रोमेट असलेली रंगद्रव्यं वापरली जात. ओल्या घासण्यामुळे ती धूळ हवेत उडत नाही. मात्र उघड्या पोलादावर पाणी तसंच राहिलं तर काही मिनिटांत तांबूस झाक धरते, म्हणून लगेच पुसून कोरडं करा.

दर्शनी प्लास्टिकचा मामला वेगळा आहे. त्यावरचा बारीक खरबरीतपणा साच्यातूनच आलेला असतो. पॉलिश पेपरने तो जागोजागी सपाट होतो आणि रंगाखालीही ते डाग ओळखू येतात. एकतर खरखरीत नायलॉन पॅडने नुसता हलका हात फिरवून पोत राखा, नाहीतर धीर धरून संपूर्ण भाग सपाट करा. अर्धवट कुठलंच चांगलं दिसत नाही. मी पहिला मार्ग निवडेन. त्या काळच्या वस्तूचं रूप त्या पोतात असतं.

पोचे, गंज, तडे

खोल गंज तारेच्या ब्रशने काढून उरलेल्या बारीक खड्ड्यांवर फॉस्फोरिक आम्ल असलेलं द्रावण लावतात. त्याने गंजाचं काळसर, स्थिर फॉस्फेट होतं. तेच आम्ल जस्तही खातं, म्हणून ते गंजापुरतंच लावा.

पोचा आधी मागून लाकडी ठोकळ्याने शक्य तितका सरळ करा आणि उरलेल्या खळग्यातच लांबी (पुट्टी) भरा. लांबी जितकी कमी तितकी चांगली, तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये. साधी पॉलिएस्टर लांबी जस्तावर नीट धरत नाही, तेव्हा जस्ताच्या पत्र्यावर चालते असं डब्यावर लिहिलेली घ्या. एच प्रायमरच्या थेट वर लांबी भरू नका, त्यातल्या आम्लामुळे ती नीट घट्ट होत नाही. सपाटी बोटांनी घासून येत नाही, कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. वरून गडद रंगाची अगदी विरळ फवारणी करून घासलं तर उंच जागा उजळ होतात आणि खळग्यांत गडद ठिपके उरतात.

प्लास्टिकला तडा गेला असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट सर्वांत मजबूत, कारण ती नुसती चिकटत नाही, तिथलं प्लास्टिकच एकजीव होतं. ती पूर्ण वाळायला एक-दोन दिवस द्या.

जिथे रंग नको

पॉवर सप्लायचं धातूचं कवच मागच्या स्क्रूंनी सांगाड्याला जोडलं जातं, आणि वायरमधून येणारं अर्थिंग याच वाटेने अख्ख्या कॅबिनेटला मिळतं. आत कुठे वीजवाहक तार पत्र्याला लागली, तर प्रवाह या वाटेने जमिनीत जाऊन फ्यूज उडावा, अशी ही सोय आहे. रंग हा विद्युतरोधक. पॉवर सप्लायच्या मागची चौकट आणि स्क्रूंच्या भोवतालची जागा रंगाखाली गेली, तर संपर्क फक्त आट्यांमधून जेमतेम राहतो. मदरबोर्ड ज्यांवर टेकतो त्या छोट्या पितळी खांबांखालचा (स्टँडऑफ) पत्राही कोरा हवा, तसाच मागच्या जोडण्यांभोवतीच्या पातळ शील्डच्या पट्ट्या जिथे टेकतात तो भाग आणि विस्तार कार्डांच्या पट्ट्यांखालची कडही.

दुसरं कारण रेडिओ लहरींचं. संगणक चालू असताना उच्च वारंवारतेच्या लहरी बाहेर टाकतो आणि धातूचं बंद कॅबिनेट त्या आत अडवतं. १ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३० सेंटिमीटर असते, ३ गिगाहर्ट्झची १० सेंटिमीटर. लहरीच्या निम्म्या लांबीइतकी सलग फट ही त्या लहरीसाठी अँटेनासारखी वागते. बाजूची पाटी आणि सांगाडा यांच्यातला सांधा चाळीसेक सेंटिमीटर लांब असतो. म्हणूनच तिथे थोड्या थोड्या अंतरावर उचललेल्या जिभा किंवा स्प्रिंगच्या पट्ट्या दिलेल्या असतात, धातूला धातू टेकून ती लांब फट लहान तुकड्यांत विभागली जावी म्हणून. त्या जिभांवर रंग चढला की बाहेरून सांधा बंद दिसतो, पण लहरींसाठी तो सताड उघडा असतो. जवळच्या रेडिओत खरखर येऊ शकते.

तिसरं कारण साधं मापाचं. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून थर सहज १०० मायक्रॉनचा होतो. सरकत्या सांध्यात दोन्ही पृष्ठभाग रंगले तर ०.२ मिलिमीटर जागा गेली. पाटी अडकते, जोर लावला की नवा रंग खरवडला जातो.

तेव्हा या सगळ्या जागा मास्किंग टेपने झाका. कडा नखाने दाबून बसवा. आट्यांच्या भोकांत जुने, टाकाऊ स्क्रू पिळून ठेवा. झाकलेल्या भागात जस्त घासलं गेलं असेल तर तिथे उघडं पोलाद उरतं, म्हणून या जागांवर पॉलिश पेपर चालवूच नका.

प्रायमर आणि फवारणी

उघड्या धातूवर एच प्रायमरचा एक पातळ हात, त्यावर घासता येणारा जाड प्रायमर. एबीएसवर प्लास्टिकसाठीचा प्रायमर पुरतो, एच प्रायमरचा तिथे काही उपयोग नाही. पिवळा आणि लाल हे रंग खालचं फार कमी झाकतात, त्यांच्याखाली पांढरा किंवा फिका प्रायमर ठेवा.

फवारणीची जागा हवेशीर हवी, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको, कारण कॅनमधला वायू पेट घेतो. कापडी मास्क द्रावकांची वाफ अडवत नाही, त्याला सेंद्रिय वाफेची फिल्टर डबी असलेला मास्क लागतो. हार्डनर मिसळायचे दोन घटकांचे रंग अतिशय कठीण आणि सुंदर होतात, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि धोक्याची सूचना देणारा वासही फारसा येत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर ते घरी वापरू नका. याबाबतीत मी कुठलीही सवलत देणार नाही.

हवा कोरडी असू द्या. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प जमतं आणि रंगावर दुधट झाक येते. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावं. गार दिवशी कॅन थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवला तर फवारा बारीक येतो. गरम पाण्यात मात्र कधीही नाही.

कॅनमधली गोळी खडखडू लागल्यानंतरही मिनिट-दोन मिनिटं हलवत राहा. अंतर २० ते ३० सेंटिमीटर. फार जवळून मारलं तर ओघळ येतात. फार लांबून मारलं तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू करा, सरळ रेषेत न्या, पत्र्याच्या बाहेरच थांबवा. मनगट वळवू नका, अख्खा हात सरकवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. पहिला हात विरळच हवा, खालचा प्रायमर मधून मधून दिसत असला तरी चालेल. त्या चिकट धुक्यावर पुढचे हात ओघळत नाहीत. पंख्यांच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी तिरका, अगदी हलका फवारा मारा, नाहीतर भोकं बुजतात.

दोन हातांमधली वेळ कॅनवर लिहिलेली असते आणि ती पाळावीच लागते. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पहिल्या तासाभरात ते सगळं मऊ असतं, म्हणून नवा हात त्यात मिसळून जातो. दोनेक दिवसांनी ते पुरेसं कठीण झालेलं असतं. मधल्या काळात वर साय धरलेली असते आणि खाली ओलं असतं. तेव्हा नवा हात मारला की त्यातलं द्रावक साय फुगवतं आणि सगळीकडे सुरकुत्या उठतात. सुरकुतलेला भाग पुन्हा घासून प्रायमरपासूनच सुरुवात करावी लागते.

चमकीबद्दल एवढंच सांगतो: चकचकीत रंग पत्र्यावरचा प्रत्येक पोचा उघड करतो. जुन्या पत्र्याला सॅटिन शोभतं. मॅट क्लिअरवर मात्र नंतर पॉलिश चालत नाही, घासलं तर तेवढीच जागा चमकते.

जोडणी

शेवटच्या हातानंतर रंग स्पर्शाला कोरडा पण अजून पूर्ण घट्ट झालेला नसतानाच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कडेचा रंग टेपसोबत फाटून येतो. त्यानंतर वाट पाहायची. बोटाला न लागणारा रंग आणि आतपर्यंत घट्ट झालेला रंग यात फार अंतर आहे. लॅकर तुलनेने लवकर कठीण होतं, इनॅमलला तीन-चार आठवडेही लागू शकतात. नख दाबून पाहिलं आणि वळ उमटला नाही, वासही गेला, तर जोडणीला घ्या. घाई केली तर पाट्या सांगाड्याला चिकटतात आणि स्क्रूच्या डोक्याखाली रंग चुरगळतो.

पॉवर सप्लाय जागेवर बसवा आणि बाकीचं सामान बसवण्याआधी मल्टिमीटर ओहमवर लावा. एक टोक पॉवर सप्लायच्या सॉकेटमधल्या अर्थच्या पिनवर, दुसरं सांगाड्याच्या कोऱ्या धातूवर, मग बाजूच्या पाट्यांच्या आतल्या धातूवर. प्रत्येक ठिकाणी एक ओहमच्या आत आकडा यायला हवा. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा थोडा रोध त्यातून वजा करा. आकडा जास्त आला किंवा हलत राहिला, तर त्या सांध्यातला स्क्रू काढा, त्याच्या डोक्याखालचा रंग गोल खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळा आणि परत मोजा. सगळे आकडे नीट आले की मगच मदरबोर्ड आत ठेवा.